क्रॉसटॅब हाताने टाईप करणं थांबवायचंय, आरमधून थेट लाटेकमध्ये तक्ते कसे काढता?

रानजाई:

नमस्कार मंडळी. थिसिस शेवटच्या टप्प्यात आहे, विषय ग्रामीण भागातल्या बायकांचं आरोग्य आणि सरकारी दवाखान्याचा वापर, आणि अख्खं चौथं प्रकरण म्हणजे नुसते क्रॉसटॅब (एक गोष्ट ओळीत, दुसरी कॉलममध्ये घेऊन माणसं मोजलेले तक्ते). शिक्षण आणि दवाखान्यात जाणं, वय आणि रक्तक्षयाची माहिती, घरातलं उत्पन्न आणि बाळंतपण कुठे झालं, असे एकूण ४३ तक्ते. आकडेमोड आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये केलीये, लिखाण लाटेक या छपाईच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि या दोघांच्या मधे मी, म्हणजे एका विंडोत आकडा बघायचा आणि दुसऱ्या विंडोत टाईप करायचा.

मागच्या महिन्यात लक्षात आलं की ११ प्रश्नावल्या दोनदा एंटर झाल्यात. त्या काढल्या, ४१२ चे ४०१ झाले, आणि सगळेच्या सगळे तक्ते बदलले. चार रात्री जागून परत टाईप केले. तरी गाईडनी तक्ता ४.७ वर बोट ठेवून विचारलं, इथे एकूण ४१२ आणि पुढच्या पानावर ४०१, नक्की किती बायका होत्या? उत्तर मला माहीत होतं पण तोंडातून शब्द फुटेना, कारण त्या क्षणी माझाच बाकीच्या ४२ तक्त्यांवरचा विश्वास उडाला होता. त्या बायकांनी कामं बाजूला ठेवून मला तासतासभर वेळ दिलाय, त्यांचे आकडे माझ्या टायपिंगमुळे चुकू नयेत एवढंच मला हवंय.

आरमधला तक्ता लाटेकमध्ये नेणारं एक्स-टेबल पॅकेज वापरून बघितलं. तक्ता आला खरा, पण माणसं मोजलेली असून प्रत्येक आकड्यापुढे .०० लागलं, एकूणच्या जागी इंग्रजीत सम आलं, आणि टक्केवारी ०.६२ अशी. तुम्ही लोक काय करता? नीट पहिल्यापासून सांगाल का?

(कमांडची आणि पॅकेजांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, समजून घ्या.)


शून्यमित्र:

रानजाई ताई, आधी तुमच्या .०० चं सांगतो. एक्स-टेबल पूर्णांक आणि दशांश हे साठवणीच्या प्रकारावरून ओळखतं, आकडा बघून नाही. तुमचे आकडे मोजणीचेच असले तरी आतमध्ये ते दशांश म्हणून साठवलेले असतील तर ते दोन घरं दाखवणारच. डिजिट्स (दशांशानंतरची घरं) शून्य द्या, किंवा आधी ॲज-इंटिजर करा, म्हणजे पूर्णांकात बदला. आणि डिजिट्समध्ये प्रत्येक कॉलमला वेगळी किंमत देणार असाल तर कॉलमच्या संख्येपेक्षा एक जास्त द्यावी लागते, कारण ओळींच्या नावांचा कॉलमसुद्धा ते मोजतं. अलाइनचंही तेच. यावर मी एकदा अख्खी दुपार घालवलीये.

पण फॉरमॅटिंगच्या आधी एक गोष्ट ठरवा, ती म्हणजे टक्केवारी कोणत्या दिशेने. हे ठरवल्याशिवाय कितीही सुंदर तक्ता काढला तरी वाचणाऱ्याला काही कळत नाही. आरमध्ये टायटॅनिकचा डेटा आधीपासून दिलेला असतो, २,२०१ माणसं, तोच घेऊ म्हणजे कुणालाही करून बघता येईल. वर्ग आणि वाचले का, एवढाच तक्ता:

वर्ग | वाचले | वाचले नाहीत | एकूण
पहिला | २०३ | १२२ | ३२५
दुसरा | ११८ | १६७ | २८५
तिसरा | १७८ | ५२८ | ७०६
कर्मचारी | २१२ | ६७३ | ८८५
एकूण | ७११ | १,४९० | २,२०१

आता ओळीप्रमाणे टक्के काढले, म्हणजे प्रमाण काढणाऱ्या प्रॉप-टेबल फंक्शनला मार्जिन १ दिलं, तर पहिल्या वर्गातले ६२.५ टक्के वाचले आणि कर्मचाऱ्यांमधले २४.० टक्के. मार्जिन २ दिलं तर वाचलेल्यांमध्ये पहिल्या वर्गाचे २८.६ टक्के आणि कर्मचारी २९.८ टक्के, म्हणजे वरवर वाचणाऱ्याला वाटेल की कर्मचारीच जास्त सुखरूप सुटले! आकडे दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. तुमच्या थिसिसमध्ये प्रश्न जर असा असेल की शिक्षणाप्रमाणे दवाखान्यात जाण्याचं प्रमाण बदलतं का, तर शिक्षण ओळीत घ्या आणि शंभर टक्के ओळीत करा, आणि हा नियम ४३ च्या ४३ तक्त्यांना सारखा ठेवा. एका तक्त्यात आडवे आणि दुसऱ्यात उभे टक्के असले की परीक्षकाची मान दुखते आणि मग तो चुका शोधायला लागतो.

क्रमही महत्त्वाचा. आधी एक्स-टॅब्स किंवा टेबलने मोजणी, मग त्यातून प्रॉप-टेबलने प्रमाण, गुणिले १००, आणि ॲड-मार्जिन्सने एकूण वेगळं लावायचं. आधी एकूण लावून मग प्रमाण काढलंत तर एकूणचा आकडासुद्धा भागाकारात जातो आणि सगळे टक्के निम्मे येतात. हे प्रत्यक्ष एका अहवालात छापून आलेलं मी बघितलंय.


मुक्कामपोस्ट:

एवढं कशाला, एसपीएसएस या दुसऱ्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसटॅब काढा आणि वर्डमध्ये पेस्ट करा, आमच्या डिपार्टमेंटला सगळे तेच करतात.


शून्यमित्र:

@मुक्कामपोस्ट, पाच तक्ते असतील तर खुशाल करा. पण ताईंचा त्रास तक्ता काढण्याचा नाहीये, परत काढण्याचा आहे. ११ प्रश्नावल्या गळल्या की पेस्ट केलेले ४३ तक्ते शोधून शोधून बदलायला लागणार, आणि एखादा राहून जाणारच.


पाटीपेन्सिल:

मी डीटीपी करतो, २० वर्षं झाली, बऱ्याच थिसिस आणि अहवाल हातातून गेलेत, आरमधलं फारसं कळत नाही पण तक्ता छापताना काय होतं ते सांगू शकतो.

पहिलं, उभ्या रेघा काढून टाका. सगळ्या. लाटेकला बुकटॅब्स नावाचं पॅकेज आहे, त्यात वरची जाड रेघ, डोक्याखालची बारीक आणि शेवटची जाड, एवढ्या तीनच रेघा, आणि रेघांच्या वरखाली हवा सोडलेली असते. लोकांना वाटतं चौकटी नसल्या तर आकडे सांडतील, पण आकडे एका रेषेत असले तर डोळा आपोआप खाली उतरतो, रेघेची गरज पडत नाही. एकूणच्या ओळीच्या वर एक बारीक रेघ चालते. बुकटॅब्स आणि उभी रेघ एकत्र वापरली की आडव्या रेघेपाशी उभी रेघ तुटलेली दिसते, ते फार वाईट दिसतं, म्हणून एकतर हे नाहीतर ते.

दुसरं, आकडे उजवीकडे. मधोमध केलेले आकडे मला बघवत नाहीत. ७, ६७३ आणि १,४९० मधोमध ठेवले की एकं एकंखाली येत नाहीत, मग मोठा आकडा कोणता हे वाचून काढावं लागतं, दिसत नाही. शाळेत बेरीज मांडताना आपण एकंखाली एकं मांडतो, तेच इथे.

तिसरं, २०३ (६२.५) असं एका घरात लिहायचं की दोन कॉलम करायचे. जागा असेल तर दोन कॉलम करा, डोक्यावर एकच नाव ‘वाचले’, त्याखाली छोटी रेघ, आणि तिच्याखाली ‘संख्या’ आणि ‘टक्के’. एका घरात कोंबलं तर कंस एकाखाली एक येत नाहीत आणि सगळा तक्ता डुलतो.

आणि तक्ता पानात मावत नाही म्हणून फॉन्ट बारीक करू नका. मोठा असेल तर पान आडवं करा, लांब असेल तर पुढच्या पानावर जाऊ द्या, पण तिथे डोकं परत छापा आणि ‘पुढे चालू’ लिहा. जनगणनेचे तक्ते बघा, कॉलमना क्रमांक दिलेले असतात, पानं उलटली तरी वाचणारा हरवत नाही.


शून्यमित्र:

पाटीपेन्सिल दादा, फार महत्त्वाचं बोललात. कोडच्या भाषेत याला हे लागतं: एक्स-टेबलच्या प्रिंटमध्ये बुकटॅब्स ट्रू करा, किंवा निटर (आरचा कोड आणि मजकूर एकत्र ठेवणारं पॅकेज) मधलं केबल हे तक्त्याचं फंक्शन वापरत असाल तर तिथेही बुकटॅब्स ट्रू आहे. केबलमध्ये मात्र एक खोड आहे, बुकटॅब्स चालू केलं की दर पाच ओळींनंतर ते आपणहून थोडी जास्त जागा सोडतं. लांब यादी वाचायला ते बरं, पण क्रॉसटॅबमध्ये सात ओळी असल्या तर पाचव्यानंतर उगाच गट पडल्यासारखा वाटतो. लाइन-सेप रिकामं दिलं की जातं. दोन मजली डोक्यासाठी केबल-एक्स्ट्रामध्ये ॲड-हेडर-अबव्ह आहे. त्यातच स्केल-डाऊन असा पर्यायही आहे, तक्ता पानाच्या रुंदीत दाबून बसवणारा, पण दादा म्हणतात त्याच कारणासाठी तो वापरू नका, प्रत्येक तक्त्याचा फॉन्ट वेगळा होतो.

दशांश चिन्ह एकाखाली एक हवं असेल तर लाटेकमध्ये एसआय-युनिटेक्स पॅकेजचा एस कॉलम आहे. त्यात डोक्यावरचा मजकूर महिरपी कंसात टाकायला विसरू नका नाहीतर तो आकडा समजायचा प्रयत्न करतं. आणि २०३ (६२.५) असं एका घरात ठेवून एस कॉलम वापरायचा विचार असेल तर सोडून द्या, कंसातला आकडा ते मोजमापातली अनिश्चितता समजतं. दोन कॉलम करायला हे अजून एक कारण.


अनुष्टुभ:

जेनिटर पॅकेज कुणीच सुचवलं नाही? क्रॉसटॅबसाठी माझा सगळ्यात आवडता रस्ता. टॅबिल, मग ॲडॉर्न-टोटल्स, मग ॲडॉर्न-पर्सेंटेजेस, मग ॲडॉर्न-पीसीटी-फॉरमॅटिंग, मग ॲडॉर्न-एन्स, एकापुढे एक पाइपने जोडायचं आणि वाचताना वाक्यासारखं वाचता येतं. इथे एकूण आधी लावलं तरी टक्के बिघडत नाहीत, ते आतून सांभाळलेलं आहे. ॲडॉर्न-एन्सला पोझिशन फ्रंट दिलं की २०३ (६२.५%) येतं, नाही दिलं तर ६२.५% (२०३).

गोळाबेरजेबद्दलही सांगायचंय. टायटॅनिकच्याच तक्त्यात वाचलेल्यांचे उभे टक्के पूर्णांकात काढून बघा: २९, १७, २५, ३०. बेरीज १०१! एका दशांशाने काढले तर २८.६, १६.६, २५.०, २९.८, बरोबर १००. आकडा कुठेच चुकलेला नाही, प्रत्येक घर वेगवेगळं गोळा केल्यामुळे होतं. लोक काय करतात, तर एखाद्या घरातला एक टक्का हळूच काढून शंभर करतात. असं अजिबात करू नका. तक्त्याखाली एक ओळ लिहा, पूर्णांकात दिल्यामुळे बेरीज १०० येईलच असं नाही, आणि पुढे चला. एकूणच्या ओळीत छापायचा १०० हा मूळ संख्यांवरून काढा, गोळा केलेल्या टक्क्यांच्या बेरजेवरून नाही.

आणि आरचं राउंड शाळेतल्यासारखं नाही, अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे जातं, २.५ चे २ होतात. कॅल्क्युलेटरवर पडताळून बघणारे परीक्षक असतात, त्यांना एखाद्या ठिकाणी फरक दिसेल, तेव्हा कारण माहीत असू द्या. जेनिटरमध्ये हाफ-अप असा पर्याय आहे, शाळेसारखं हवं असेल तर.


रानजाई:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. कालपासून बसलेय. दहा तक्ते निघाले! पण एक तक्ता काही केल्या होत नव्हता आणि तो किस्सा इथे लिहिते कारण कुणाचा तरी दिवस वाचेल.

मला डोक्याची ओळ ठळक हवी होती म्हणून मी एक्स-टेबलमधली सॅनिटाइझची सोय बंद केली, म्हणजे ते माझ्या लाटेक कमांडला हात लावणार नाही. ठळक झालं, छान. मग एका तक्त्यात कॉलमचं नाव होतं ‘नियमित जाणाऱ्या (%)’. कंपाइल केलं तर एरर, मिसप्लेस्ड नोअलाइन. मी रेघांच्या कमांड तपासल्या, कॉलम मोजले, बुकटॅब्स काढून परत घातलं, लाटेकच नव्याने इन्स्टॉल करायला निघाले होते. शेवटी जेवून आल्यावर तयार झालेली फाईल उघडून नुसती वाचली आणि दिसलं: लाटेकमध्ये % म्हणजे शेरा. त्या चिन्हाच्या पुढचं सगळं, पुढचे कॉलम, ओळ संपल्याची खूण, सगळं गिळलं. ओळ संपलीच नाही म्हणून पुढची रेघ अडकली. चिन्हाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ टाकली, \% असं, आणि झालं.


शून्यमित्र:

हे सगळ्यांच्या वाट्याला एकदा येतं. माझा सल्ला असा की सॅनिटाइझ पूर्ण बंद करू नका, डोक्यासाठी आणि आतल्या मजकुरासाठी वेगवेगळी सोय आहे, सॅनिटाइझ-कॉलनेम्स-फंक्शन फक्त डोक्यापुरतं. लेबलमध्ये % सोबत & आणि _ हेही बघा, ‘आशा & अंगणवाडी’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथे एक कॉलम वाढेल. आणि काही बिघडलं की तुम्ही शेवटी केलंत ते पहिल्यांदा करायचं, तयार झालेली टेक फाईल उघडून वाचायची.


डोंगरवाट:

मराठीतून थिसिस लिहिणारं कुणी आहे का इथे? मी लिहितोय, समाजशास्त्र. लेबलं देवनागरीत असल्यावर वेगळेच प्रश्न येतात म्हणून लिहितो.

एक म्हणजे क्रम. शिक्षणाचे गट होते अशिक्षित, प्राथमिक, माध्यमिक, पदवीधर. आरने अक्षरांच्या क्रमाने लावले आणि पदवीधर आले अशिक्षितच्या लगेच खाली, प्राथमिकच्या वर. तक्त्यात शिक्षण वाढत जाताना टक्के कसे बदलतात हेच दाखवायचं होतं आणि तेच दिसेना. फॅक्टर (आरमधलं गटांचं चल) करताना लेव्हल्स, म्हणजे गटांची नावं, स्वतः क्रमाने द्याव्या लागतात, एकदा डेटा वाचल्या वाचल्या द्यायच्या म्हणजे पुढे सगळीकडे तोच क्रम राहतो. वयाचंही तसंच, ५-९ हा गट १०-१९ आणि २०-२९ च्या खाली जातो कारण आर ते अक्षर म्हणून वाचतं.

दुसरं, झी-लाटेक किंवा लुआ-लाटेक या लाटेकच्या प्रकारांशिवाय देवनागरीच्या वाटेला जाऊ नका. फॉन्ट-स्पेकमध्ये फॉन्ट देताना स्क्रिप्ट देवनागरी लिहिणं आवश्यक आहे. नाही लिहिलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं फुटतात, ‘शिक्षण’ वाचवत नाही. लुआ-लाटेकमध्ये रेंडरर हार्फबझ द्यायचं. मी शोभिका फॉन्ट वापरतो, आयआयटी मुंबईने काढलेला, फुकट आहे, छपाईत छान दिसतो.

तिसरं, आकडे. गाईडचा आग्रह होता की तक्त्यातले आकडेही देवनागरी हवेत. आरमध्ये सी-एच-ए-आर-टी-आर नावाचं फंक्शन आहे, त्याला एकीकडे इंग्रजी दहा अंक आणि दुसरीकडे ०१२३४५६७८९ दिले की अदलाबदल होते. पण हे सगळ्यात शेवटी करायचं, कारण एकदा देवनागरी केलं की आरच्या दृष्टीने तो आकडा राहत नाही, नुसता मजकूर. बेरीज नाही, राउंड नाही. एसआय-युनिटेक्सचा एस कॉलमही तो वाचू शकत नाही. मी मग प्रत्येक टक्क्याला नेमकं एकच दशांश घर ठेवलं आणि कॉलम उजवीकडे लावला, म्हणजे दशांश चिन्ह आपोआप एकाखाली एक. राउंड करून पेस्ट केलं तर २४.० चा २४ होतो आणि ओळ चुकते, म्हणून फॉरमॅट-सी किंवा एस-प्रिंट-एफ वापरा, ते शून्य सोडत नाहीत.


पाटीपेन्सिल:

डोंगरवाट, सगळ्या फॉन्टमध्ये अंक सारख्या रुंदीचे नसतात, १ बारीक आणि ७ रुंद असं असतं. तसं असेल तर उजवीकडे लावूनही चिन्हं जरा पुढेमागे होतात. तक्त्यासाठी फॉन्ट निवडताना ११११ आणि ७७७७ एकाखाली एक छापून बघा, दोन्ही सारख्याच लांबीचे आले पाहिजेत.


डोंगरवाट:

हे माहीत नव्हतं दादा, आजच छापून बघतो.


अनुष्टुभ:

तीन चलांचा तक्ता कुणी काढतं का? खरी परीक्षा तिथे आहे. आरमध्येच बर्कले विद्यापीठाच्या प्रवेशांचा डेटा आहे, १९७३ चा, सहा सगळ्यात मोठे विभाग, ४,५२६ अर्जदार. दोन चलांचा तक्ता काढला तर पुरुष २,६९१ पैकी १,१९८ ना प्रवेश, म्हणजे ४४.५ टक्के, आणि बायका १,८३५ पैकी ५५७, म्हणजे ३०.४ टक्के. बघितलं की सरळ भेदभाव दिसतो. विभाग आत घातला की पहिल्याच विभागात पुरुष ८२५ पैकी ५१२, ६२ टक्के, आणि बायका १०८ पैकी ८९, ८२ टक्के! बायकांनी जास्त अर्ज केले होते ते मुळात कमी लोकांना घेणाऱ्या विभागांमध्ये. म्हणजे तिसरं चल तक्त्यात दाखवायचं की नाही हा नुसता मांडणीचा प्रश्न नसतो, निष्कर्ष उलटा होतो.

मांडायला एफ-टेबल आहे, तो तीन-चार चलं सपाट करून देतो. विभाग आणि लिंग ओळींमध्ये, प्रवेश मिळाला का ते कॉलममध्ये. एक्स-टेबलमध्ये एफ-टेबलसाठी वेगळं फंक्शन आहे, एक्स-टेबल-एफ-टेबल. विभागाचं नाव दोनदा छापायचं नाही, एकदाच, आणि दर विभागानंतर थोडी मोकळी जागा. मला स्वतःला केबल-एक्स्ट्राचं पॅक-रोज जास्त आवडतं, विभागाचं नाव स्वतःच्या ओळीत आणि त्याखाली जरा आत सरकवून पुरुष, बायका. जागा वाचते आणि वाचणारा हरवत नाही.


साधीपोळी:

पायथनवाल्यांसाठी: पांडाज पॅकेजमध्ये क्रॉसटॅब फंक्शनच आहे, नॉर्मलाइझ इंडेक्स दिलं की ओळीचे टक्के, कॉलम्स दिलं की उभे. लाटेकसाठी स्टायलरचं टू-लाटेक वापरा, एच-रूल्स ट्रू दिलं की बुकटॅब्सच्या तीन रेघा येतात. त्यात विशेष चिन्हं आपोआप सांभाळली जात नाहीत, फॉरमॅटमध्ये एस्केप लाटेक असं सांगावं लागतं, नाहीतर रानजाईसारखाच % चा घोळ. बाकी सगळे मुद्दे वर आलेत तेच.


रानजाई:

परत मीच. तीसच्या वर तक्ते झाले. आता एक वेगळीच अडचण, दोन तक्त्यांत काही घरांत NaN छापून आलंय. आणि एका तक्त्यात एकूण ३९४ येतंय, ४०१ नाही. डेटा तोच आहे!


शून्यमित्र:

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३९४ चं आधी: सात बायकांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नसेल. टेबल फंक्शन न दिलेली उत्तरं गुपचूप वगळतं. यूज-एनए ला इफ-एनी द्या, म्हणजे ‘उत्तर नाही’ असा गट दिसेल. टक्केवारीत ते सात धरायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण तक्त्याखाली ‘सात जणींचं उत्तर नाही’ असं लिहाच. गाईडनी ४१२ आणि ४०१ विचारलं होतं तसंच कुणीतरी ३९४ विचारणार आहे.

NaN म्हणजे शून्याला शून्याने भागलंय. त्या ओळीत एकही माणूस नाही. टायटॅनिकमध्ये हेच दिसतं: मुलं १०९ होती, पहिल्या वर्गात ६, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात ७९, आणि कर्मचाऱ्यांमध्ये शून्य. तिसऱ्या वर्गातली २७ मुलं वाचली, ५२ गेली, पहिल्या दोन वर्गांतली सगळी वाचली. कर्मचारी मुलांपैकी किती टक्के वाचली हा प्रश्नच होत नाही, तिथे टक्क्याच्या जागी आडवी रेघ छापायची. पण एखाद्या गटात ४० बायका आहेत आणि त्यातली एकही दवाखान्यात गेली नाही, तर तिथे ० आणि ०.० च छापा, रेघ नाही. ते शून्य ही तुम्हाला मिळालेली माहिती आहे, ती झाकू नका. कोडमध्ये नुसता इज-एनएएन तपासला की हे दोन्ही वेगळे होतात.


रानजाई:

हे शून्याचं वाचून मी दोन मिनिटं थांबले. माझ्याकडे खरंच असा एक गट आहे, रस्ता नसलेल्या दोन वाड्यांमधल्या १७ बायका, त्यातली एकही बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचली नाही. मी रेघ मारायला निघाले होते कारण सगळ्या शून्यांना एकच नियम लावला होता. आता तिथे ० (०.०) आहे, आणि त्या ओळीबद्दल मजकुरात एक अख्खा परिच्छेद लिहिलाय.


शून्यमित्र:

उत्तम. काय-स्क्वेअर (दोन चलांचा संबंध आहे का ते बघणारी चाचणी) लावत असाल तर तिथे अपेक्षित संख्या पाचच्या खाली जातेय का बघा, जात असेल तर फिशरची चाचणी. तक्त्याखालच्या ओळीत कोणती चाचणी ते लिहा, आणि पी-किंमत (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक येण्याची शक्यता) ०.००० अशी छापू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. टायटॅनिकच्या त्या तक्त्याचा काय-स्क्वेअर १९०.४ येतो, स्वातंत्र्यांश ३, तिथेसुद्धा पी शून्य नसते, फक्त फार लहान असते.


रानजाई:

काम झालं. शेवटी काय ठेवलं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर.

एक छोटं फंक्शन लिहिलं, त्याला ओळीचं चल, कॉलमचं चल आणि तक्त्याचं शीर्षक द्यायचं. ते मोजणी करतं, ओळीचे टक्के काढतं, एकूण लावतं, शून्य आणि रेघ यांचा नियम बघतं, उत्तर न दिलेल्या किती ते मोजून तळटीप तयार करतं, आणि प्रत्येक तक्ता वेगळ्या टेक फाईलमध्ये लिहितं. थिसिसमध्ये ती फाईल इनपुटने ओढायची. सगळ्यात वरती एक तपासणी, की प्रत्येक तक्त्यात घरांची बेरीज अधिक उत्तर नसलेल्या बरोबर ४०१ आली नाही तर तिथेच थांब आणि तक्त्याचं नाव सांग. मजकुरातले आकडेसुद्धा, म्हणजे ‘एकूण ४०१ पैकी’ वगैरे, आता निटरमधूनच येतात, हाताने टाईप केलेला एकही नाही.

आज गाईडकडे गेले होते. त्यांनी सगळं प्रकरण चाळलं आणि म्हणाले, वयाचे शेवटचे दोन गट एकत्र कर, शेवटच्यात फार कमी बायका आहेत. पूर्वी हे ऐकून मला रडू आलं असतं. तिथेच लॅपटॉप उघडला, लेव्हल्सच्या ओळीत बदल केला, रन केलं. तपासणीत एक तक्ता अडकला, ४.३१, तिथे मी जुन्या गटाचं नाव वेगळं लिहिलं होतं, त्या नावात शेवटी एक स्पेस जास्त होती. ती काढली. परत रन केलं, ४३ तक्ते, सगळीकडे ४०१. सरांनी ४.७ उघडायला सांगितला, चष्मा लावून एकूणची ओळ बोटाने वाचली आणि मग सही केली.